उगमाच्या वर कोण?

माळशिंगीत त्या वर्षी लोकांना नवा नाद लागला होता. सकाळी चहाचा कप हातात घ्यायचा, फोन उघडायचा आणि गावाच्या नकाशावर आज कुणाच्या घरावर नारिंगी ठिपका पडला ते बघायचं. एका मंगळवारी तो ठिपका जुई आवळेच्या घरावर पडला. दुपारपर्यंत तिच्या आईला, सुरेखाला, शाळेच्या स्वयंपाकघरातून घरी पाठवलं गेलं. वाण्यानं साखरेची पुडी तिच्या हातात न देता फळीवर सरकवली, आणि नळावर तिची घागर बघून दोन बायकांना एकाएकी घरची कामं आठवली.

हेमांगीला हे संध्याकाळी कळलं आणि तिचं डोकं फिरलं.

हेमांगी म्हणजे भैरवनाथ व्यायामशाळेत मुलींना मल्लखांब शिकवणाऱ्या हेमाताई. पंचेचाळिशी उलटलेली, अंगानं काटक, आवाज मैदानाच्या पार पलीकडे पोचणारा. जुई तिची सगळ्यांत गुणी मुलगी, तेरा वर्षांची. खांबाच्या टोकाशी असलेल्या गोल बोंडावर पोट टेकून ती हातपाय पसरायची, तेव्हा खालच्या आयांचा जीव वरखाली व्हायचा आणि जुई वरून हसायची. तीच जुई आता सरकारी दवाखान्यात पडून होती. मांडीवर वाटाण्याएवढं गळू आलं, घरच्यांनी कडुलिंबाचा पाला वाटून लावला, आणि आठवड्याभरात ते खुब्याच्या हाडापर्यंत पोचलं. नेहमीची औषधं चालली नाहीत. त्यांच्या वरची चालली नाहीत. आता डॉक्टर कुलपात ठेवतात ते शेवटचं औषध सलाईनमधून तिला देणं चालू होतं.

"पोरगी तिकडं जिवाशी झुंजतेय आणि हे तिच्या आईला वाळीत टाकतायत," हेमांगी नवऱ्याला म्हणाली आणि जेवायचं ताट तसंच ठेवून चपला घालू लागली.

"तू जाऊन काय करणार?"

"भांडणार."

वंशवेधची गाडी बाजाराच्या मैदानात उभी असायची. ही सरकारची नवी योजना. गावातल्या कुठल्याही दवाखान्यात कुणाच्या गळवातला पू काडीवर घेतला की ती काडी या गाडीत यायची. आत पुस्तकाएवढं एक यंत्र होतं. ते जंतूची जनुकं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं आणि हा जंतू कुणाकडून कुणाकडे गेला त्याचा वेल पडद्यावर मांडायचं. वेलाच्या बुंध्याशी जो सापडेल तो उगम. त्याच्या घरावर ठिपका. त्या घरातल्या माणसांनी, नाक स्वच्छ झाल्याचा निर्वाळा मिळेपर्यंत, स्वयंपाक, केस कापणं, मालिश, खेळ शिकवणं, असं दुसऱ्याला हात लागेल ते कुठलंही काम करायचं नाही.

गाडीची प्रमुख होती डॉक्टर शलाका इंगवले. हीच शलाका लहानपणी दोन वेण्या वर बांधून हेमांगीकडे खांबावर चढायला शिकली होती. हेमांगीची पहिलीवहिली शिष्या ती.

"शलाका, जुईच्या घरावरचा ठिपका काढ."

"ताई, तो मी लावलेला नाही. यंत्र लावतं."

"मग यंत्राला बोलव बाहेर. त्याच्याशी बोलते."

शलाकाला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. तिनं हेमांगीला आत घेतलं, बसायला स्टूल दिलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

"हा जंतू म्हणजे स्टॅफ. दर तिघांतल्या एकाच्या नाकात तो सुखानं राहतो आणि त्या माणसाला कधी पत्ताही लागत नाही. पण हा जो आपल्याकडे फिरतोय ना, तो औषधांना दाद देत नाही. आता बघा. समजा एक पोथी आहे, अठ्ठावीस लाख अक्षरांची. जंतू वाढतो म्हणजे स्वतःची पोथी उतरवून काढतो. उतरवताना चुकतो. फार नाही, वर्षाला आठ-दहा अक्षरं. पण एकदा झालेली चूक पुढच्या सगळ्या नकलांमध्ये जाते. एका मुलीच्या सगळ्या चुका दुसरीच्या पोथीत दिसल्या आणि शिवाय दुसरीच्या स्वतःच्या दोन दिसल्या, तर पोथी पहिलीकडून दुसरीकडे गेली. उलट नाही."

"बरं. आणि जुई बुंध्याशी कशी?"

"व्यायामशाळेतल्या चार मुलींचे नमुने आलेत. त्यांत सगळ्यांत कमी चुका जुईच्या पोथीत. यंत्राला उगमाची जागा मोकळी सोडता येत नाही. आहेत त्यांतलं सगळ्यांत जुनं नाव ते तिथं बसवतं."

"म्हणजे ज्यानं काडी दिली तो चोर, आणि ज्यानं दिलीच नाही तो साव?"

 हेमांगीनं स्टूल पुढं ओढलं आणि मान मागं टाकली.

"घाल माझ्या नाकात. मी रोज त्या पोरींच्या कमरेला हात देऊन त्यांना वर चढवते. मला मात्र कुणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी निकाल सांगायला शलाका स्वतः घरी आली. तिचा चेहरा बघूनच हेमांगीनं ओळखलं. जंतू तिच्या नाकात होता, आणि जुईच्या पोथीतल्या दोन चुका तिच्या पोथीत नव्हत्या. तो तिच्याकडूनच जुईकडे गेला होता.

हेमांगी आपल्या हातांकडे बघत राहिली. याच हातांनी तिनं त्या पोरीला पहिल्यांदा खांबाला लावलं होतं. तिला रडू आलं आणि ते तिनं दडवलं नाही.

"ताई, तुमचा यात काही दोष नाही. तुम्हाला माहीतच नव्हतं."

"सुरेखालाही माहीत नव्हतं. तिला कुणी असं सांगितलं का?" हेमांगीनं पदरानं तोंड पुसलं. "ठिपका माझ्या घरावर घे. आत्ताच्या आत्ता."

संध्याकाळी व्यायामशाळेत पालक जमले. अध्यक्ष शेडगे यांनी हेमांगीला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की तब्येतीचं कारण देऊन महिनाभर घरी बसा, म्हणजे संस्थेचं नाव निघणार नाही. हेमांगीनं नकारार्थी मान हलवली आणि सरळ खांबाशेजारच्या ओट्यावर चढली.

"ऐका. जुईला जे झालं ते माझ्याकडून झालं. तो जंतू माझ्या नाकात आहे. सुरेखाच्या घरात नव्हता, तिच्या हातात नव्हता, तिच्या खिचडीत तर नव्हताच. ज्यांनी तिच्याकडं बघून तोंड फिरवलं, त्यांनी आता माझ्याकडं बघून फिरवावं. मी इथंच उभी आहे."

कुणी तोंड फिरवलं नाही. खाली बघणारे मात्र पुष्कळ निघाले. तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

"शाब्बास, हेमा! वाघीण हायस!"

ते नाना घोरपडे होते, व्यायामशाळेचे गुरुजी. वय चौऱ्याऐंशी, पाठ अजून ताठ. सगळं गाव नाकं मुरडत होतं तेव्हा नानांनी आठ वर्षांच्या हेमांगीला हाताला धरून खांबाशी आणलं होतं आणि म्हणाले होते, चढ, कोण काय बोलतंय ते मी बघतो. त्यांच्यामुळे या गावात मुली खांबावर चढल्या. नानांना एकच व्यसन, तपकिरीचं, आणि एकच गर्व, आपल्या शरीराचा. आयुष्यात कधी ताप आला नाही असं ते कुणालाही थांबवून सांगायचे. खांबाला रोजचं एरंडेल तेल त्यांच्याच हातानं लागायचं. ही तिथली जुनी रीत. त्याला सगळे नानांचा हात म्हणायचे. तो लागल्याशिवाय खांबावर कुणी पाय ठेवत नसे.

त्या संध्याकाळीही तसंच झालं. नानांनी तपकिरीची चिमूट ओढली, नाक खांद्यावरच्या पंच्याला पुसलं, पितळी वाटीत बोटं बुडवली आणि खांबाला खालपासून वरपर्यंत तेल चोळलं. जास्तीचं त्याच पंच्यानं टिपलं. बोटांवर उरलेलं रांगेतल्या एकेका मुलीच्या तळहाताला लावलं. शलाका दारात उभी राहून ते बघत होती.

ती हेमांगीला मैदानाच्या कडेला घेऊन गेली.

"ताई, या जंतूवर आता थेंब आहेत. त्यात विषाणू असतात, पण ते माणसाला काही करत नाहीत, फक्त या जंतूला खातात. आपल्याकडच्या जंतूची पोथी बघून त्याच्याच मापाचे बनवून घेतलेत मी. आठवडाभर नाकात घालायचे. पण सगळ्यांनी एकदम. एक जरी वाहक सुटला तरी पुन्हा पहिल्यापासून."

"घालू की. सगळ्या मुली, त्यांच्या घरचे, मी."

"आणि नाना?"

हेमांगीनं मान वळवून खांबाकडे बघितलं.

"ताई, तुमच्या वरही कुणीतरी आहे. चौघींतली एक जुईकडून आलेली. पण बाकी दोघींच्या पोथ्या बघितल्या, तर त्या तुमच्यातून आलेल्या नाहीत. त्या आणि तुम्ही तिघी मिळून आणखी जुन्या कुठल्यातरी पोथीवरून निघालाय. मला नानांच्या नाकातली काडी हवी."

"नानांच्या नाकात काडी घालायची? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? त्यांना साधं पडसं होत नाही. आणि ते आता खांबाला कुठं हात लावतात, ते आपलं नावापुरतं असतं."

हे खोटं होतं आणि ते दोघींनाही ठाऊक होतं. एकीनं आत्ताच ते डोळ्यांनी बघितलं होतं, दुसरी चाळीस वर्षं बघत आली होती. पण शलाकाही याच खांबाखाली वाढलेली. तळहातावर नानांचं तेल घेतलेल्या माणसाला त्यांच्यापुढं काडी धरणं जमत नाही. ती गाडीकडे निघून गेली.

थेंब चालू झाले. आठवड्यानंतर सगळ्यांची नाकं स्वच्छ निघाली. हेमांगीच्या घरावरचा ठिपका गेला, सुरेखा पुन्हा शाळेत खिचडी ढवळू लागली, आणि जुई कुबडी घेऊन घरी आली. ती संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून लहान मुलींच्या चुका काढायची. हेमांगीला वाटलं, सुटलो.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात धाकट्या मुलींपैकी एकीच्या मानेवर गळू आलं. पाठोपाठ जुईची जखम पुन्हा ओलावली.

या वेळी शलाका गाडीतून उतरली ती ओरडतच.

"तोच आहे, ताई! तीच पोथी. जुई त्या ओट्यावर बसते, त्याच पोरींचे हात धरते. डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायचंय? कुलपातलं औषध आणखी एकदा देता येईल. त्यानंतर तो जंतू त्यालाही शिकून घेईल आणि मग खुबा काढावा लागेल. तेराव्या वर्षी! आणि मी तुमचं ऐकून गप्प बसले. मी डॉक्टर आहे की कोण आहे?"

 हेमांगी ओट्यावर बसली. सुरेखासाठी भर सभेत भांडलेली बाई नानांपुढं जीभ गिळून बसली होती, आणि त्याची किंमत पुन्हा त्याच पोरीनं मोजली होती. आपण शूर आहोत असं तिला वाटत आलं होतं. नानांचा प्रश्न आला की ती अजून आठ वर्षांचीच होती.

"दसऱ्याला ये," ती म्हणाली. "काड्या घेऊन ये."

दसऱ्याला खांबाची पूजा असायची. झेंडूची माळ, आपट्याची पानं, नवे कपडे घातलेल्या मुली, खुर्च्यांवर अध्यक्ष आणि गावातली चार प्रतिष्ठित माणसं. नाना नवा पंचा खांद्यावर टाकून आले. त्यांनी चिमूट ओढली, पंच्याला नाक पुसलं आणि वाटीकडे हात नेला.

"नाना, हात लावू नका."

 हेमांगी वाटी आणि नाना यांच्या मधे उभी होती.

"काय म्हणालीस?"

"आधी शलाकाकडून नाकातली काडी तपासून घ्या. तोवर खांबाला तुमचा हात लागणार नाही."

"हेमा, मी चौऱ्याऐंशी वर्षांत दवाखान्याची पायरी..." नानांना आपला बदललेला खुबा आठवला असावा. "तापासाठी चढलो न्हाई! दूध पिऊन, घाम गाळून कमावलेलं अंग हाय हे. ह्यात रोग म्हनतीस?"

"तुम्हाला रोग नाही, नाना. माझ्याही नाकात होता, मला तरी कुठं काय झालं? आपल्याला काही होत नाही. आपल्या हाताखाली जे येतात त्यांना होतं."

शेडगे खुर्चीवरून उठले. "हेमाताई, सणाच्या दिवशी गुरुजींचा अपमान? आत्ताच्या आत्ता बाजूला व्हा, नाहीतर उद्यापासून व्यायामशाळेत पाऊल टाकू नका."

"उद्याचं उद्या," हेमांगी म्हणाली.  तिनं खाली बसून खांबाला पाठ लावली. "मला उचलून बाजूला करा आणि मग पूजा करा."

कुणाला काय करावं कळेना. मग कुबडीचा टकटक आवाज आला. जुई मैदान ओलांडून आली आणि हेमांगीच्या शेजारी, दुखरा पाय पुढं लांब करून, कशीबशी बसली. तिला बघून मानेवर पट्टी बांधलेली ती धाकटी आली. मग एकेक करत सगळ्याच आल्या. नव्या कपड्यांची पर्वा न करता मुली मातीत बसल्या आणि खांबाभोवती कडं झालं.

नाना जुईच्या पायाकडे बघत होते.

"पोरी, दाखव बरं."

जुईनं पट्टी सोडली. नानांनी वाकून बघितलं. किती वेळ बघितलं ते कुणी मोजलं नाही, पण मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. ते खुर्चीवर बसले आणि पंचा खांद्यावरून काढून जमिनीवर टाकला.

"हेमा, हिकडं ये. तूच सांग मला, काय करायचं असतंय?"

"मान मागं टाका, नाना. श्वास सोडा. दुखत नाही."

"ते मी तुला सांगायचो, पयल्यांदा उलटी लटकवताना," नाना म्हणाले आणि त्यांनी मान मागं टाकली.

जंतू नानांच्या नाकात होता. पडद्यावर वेल उमटला तेव्हा शलाकानं नानांना आणि हेमांगीला गाडीत बोलावून घेतलं. बुंध्याशी नाना, त्यांच्यापासून हेमांगी आणि दोघी मुली, हेमांगीपासून जुई, जुईपासून चौथी. तो रोगाचा वेल होता आणि हुबेहूब तालमीचाही होता. कुणी कुणाला खांबावर चढवलं ते सगळं त्यात दिसत होतं. नाना त्याच्याकडे बघत म्हणाले, "म्हंजे मीच. घाल माझ्या घरावर ठिपका. आन् तो दिसू दे सगळ्यांना."

"घातलाय यंत्रानं आधीच," शलाका म्हणाली. "पण नाना, थांबा. वेल इथं संपत नाही. या जंतूनं या वेलात किती चुका साठवल्यात ते मोजलं तर तीस-बत्तीस निघतात. म्हणजे चारेक वर्षांचा काळ. चार वर्षांपूर्वी काय झालं होतं?"

 नानांच्या आधी हेमांगीच म्हणाली.

"खुबा बदलला नानांचा. जिल्ह्याला."

शलाकानं आणखी एक चित्र उघडलं. जिल्ह्यातल्या तीन वेगवेगळ्या गावांत तीन म्हातारी माणसं होती. एकमेकांची तोंडं न बघितलेली. तिघांच्याही जंतूंच्या पोथ्या नानांच्या पोथीच्या सख्ख्या बहिणी होत्या. चारही फांद्या मागं जात जात एका जागी मिळत होत्या आणि ती जागा कोरी होती. नानांसारखेच त्या तिघांचेही खुबे त्याच एका मोठ्या, काचेच्या रुग्णालयात बदललेले होते.

"मग उगम तिथं दाखव की!" हेमांगी म्हणाली.

"तिथला एकही नमुना माझ्याकडे नाही. खासगी रुग्णालयांनी काड्या द्यायच्या की नाही, ते त्यांच्या मर्जीवर सोडलंय. नियमच तसा आहे. ते देत नाहीत. आणि दिलेल्यांतला सगळ्यांत जुना कोण, तर नाना. म्हणून सरकारदरबारी उगम नाना."

हेमांगीला सुरेखाची फळीवर सरकवलेली साखरेची पुडी आठवली. ठिपका जुईच्या घरावरून तिच्या घरावर आला होता, तिच्या घरावरून नानांच्या. प्रत्येक वेळी वरती कुणीतरी होतं, आणि आता जो वर होता त्याला कुणी विचारायचंच नाही असं ठरलेलं होतं. मधल्या काळात तिथं आणखी किती खुबे बदलले असतील? त्या म्हाताऱ्यांच्या घरी कुणाच्या मांडीवर वाटाण्याएवढं गळू आलं असेल? तिला संताप अनावर झाला.

"तू त्यांना विचारत का नाहीस?"

"मी सरकारी माणूस, ताई. मला तिथं जाऊन मागता येत नाही."

"आमाला येतंय," नाना म्हणाले.

नानांनी आठवडाभर थेंब घातले. त्यांचं नाक स्वच्छ झालं, पण ते खांबापासून दहा हात लांब खुर्ची टाकून बसायला लागले आणि तिथूनच ओरडायला लागले. शेडगे हेमांगीला काढायची भाषा करायला आले तेव्हा नाना म्हणाले, "मला अडवायची धमक एकटीनं दावली. हितून पुढं खांबाला तिचाच हात." हेमांगीनं पहिल्याच दिवशी ती रीत मोडली. प्रत्येकीचं तेल वेगळं, प्रत्येकीचं फडकं वेगळं, आणि खांबाला हात लावायच्या आधी नळावर साबण. नानांनी नाक फेंदारलं, पण पहिला साबण त्यांनीच लावला. जुईची जखम भरत आली. कुलपातलं औषध आणखी लागलं नाही.

जखम पुरती वाळल्यावर एका सोमवारी ते निघाले. नाना, हेमांगी, जुई, तिची आई सुरेखा आणि खांबावरच्या सगळ्या मुली. एसटीत शलाका आधीच बसलेली होती. साध्या कपड्यात, मांडीवर एक खोकं.

"तू कशी?" हेमांगीनं विचारलं.

"आज माझी रजा आहे. गुरुजींबरोबर कुठं जायला सरकारची परवानगी लागत नाही."

खोक्यात काड्या होत्या.

रुग्णालयाचं दार आपोआप उघडणारं होतं. आत गारवा आणि फुलांचा वास. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "पेशंट कोण?"

"मी होतो," नाना म्हणाले. "हितंच खुबा बदलला. जाताना तुमचा जंतू घेऊन गेलो, तो गावभर वाटला. माझं नाव सगळ्यांनी नकाशावर वाचलं. आता त्याच्या वरचं नाव वाचायला आलोय. तुमच्या आपरेशनच्या खोलीतल्या लोकांच्या नाकात काडी घालायची हाय."

मुलीचं हसू गेलं. सूट घातलेला एक व्यवस्थापक आला. तो फार गोड बोलला. तपासण्या त्यांच्या त्यांच्या होतात, बाहेरच्यांना नमुने देता येत नाहीत, मोठे डॉक्टर शस्त्रक्रियेत आहेत, त्यांना फार वेळ लागेल, आणि इतक्या मुलींना इथं बसता येणार नाही.

"वेळ लागू दे," हेमांगी म्हणाली. "या मुली पायानं खांब धरून उलट्या लटकतात. वाट बघायची त्यांना सवय आहे." आणि ती चकचकीत फरशीवर मांडी घालून बसली. मागोमाग सगळ्या बसल्या. खुर्चीवर टेकलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक माना वळवून बघायला लागले. एका म्हातारीनं नानांना विचारलं, कशाची काडी हो? नानांनी तिला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि आवाज मुद्दाम जरा चढाच ठेवला.

व्यवस्थापकानं रखवालदाराला बोलावलं. "यांना बाहेर काढा आणि दार लावा."

जुई दाराशीच उभी होती. तिनं कुबडी काढली आणि उंबऱ्यावर आडवी ठेवली. काचेचं दार मिटत आलं, कुबडीला लागलं आणि परत उघडलं. पुन्हा मिटत आलं, पुन्हा उघडलं. रखवालदार वाकला. त्यानं जुईच्या पायाकडे बघितलं, मग कुबडीकडे, आणि हात मागं घेऊन आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

आतल्या दारातून एक नर्स बाहेर आली. कामाची पाळी संपलेली, तोंडावरचा मास्क गळ्यात ओढलेला. भिंतीशी उभी राहून तिनं नानांचं बोलणं ऐकलं. ती पुढं आली आणि व्यवस्थापकाकडे न बघता शलाकासमोरच्या खुर्चीवर बसली.

"मी सहा वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये आहे," ती म्हणाली. "आजवर कुणी विचारलंच नाही. माझ्यापासून सुरू करा."

"सिस्टर, तुमची नोकरी..." व्यवस्थापक म्हणाला.

शलाकानं खोकं उघडलं. तिचा हात क्षणभर थांबला, तसा हेमांगीनं फरशीवरूनच आवाज टाकला, मैदानावर टाकायची तसाच.

"मान मागं टाका, सिस्टर. श्वास सोडा. दुखत नाही."

दार मिटायला आलं, कुबडीला लागलं आणि परत उघडलं.